ग्रिझेलबाईंची दोन दिवसांची कैद

पिटलौरीत वॉटी गौर्लेची बेकरी होती आणि ती चालवायची त्याची बायको ग्रिझेल. भट्टी पेटवायची ती, पीठ मळायची ती. वॉटी नगरसभेत बसून मान डोलवायचा.

त्या काळी किनाऱ्यावरच्या पाच गावांना मिळून पार्लमेंटात एकच जागा. लोकांना मत नव्हतंच. प्रत्येक गावची नगरसभा एक प्रतिनिधी धाडायची आणि ते पाच जण खासदार ठरवायचे. त्या वर्षी उमेदवार दोन, एक कर्नल आणि एक जमीनदार; दोन गावं कर्नलची, दोन जमीनदाराची, आणि पाचवा प्रतिनिधी आमचा वॉटी.

वॉटीनं मनात कर्नललाच धरलं होतं, पण हे ठाऊक होतं एकट्या ग्रिझेलला. कर्नलचा वकील हॉग समजत होता की हा जमीनदाराला मिळालाय. त्यानं ठरवलं, मतदान होईपर्यंत वॉटीला उचलून समोरच्या बेटावर ठेवायचं. मग दोन-दोन बरोबरी, आणि मतदान जिथं भरणार त्या यजमान गावाचं जादा मत कर्नलच्या खिशात.

मतदानाला दोन दिवस होते. सकाळी समुद्रावरून दाट धुकं आलेलं. ग्रिझेल नवऱ्याचा कोट आणि टोपी चढवून विहिरीवर निघाली, तोच डोक्यावर पोतं पडलं आणि दोन धटिंगणांनी तिला होडीत टाकलं.

बेटावर पोतं निघालं. हॉग किंचाळला, "अरे, ही तर बाई आहे!"

"पंचेचाळीस वर्षं झाली बाईच आहे," ग्रिझेल म्हणाली.

"चूक झाली बाई. आत्ताच्या आत्ता परत सोडतो."

ग्रिझेलनं खोलीभर नजर फिरवली. शेकोटी, पिसांची गादी, फ्रेंच वाइन आणि अख्खा भाजलेला हंस. वॉटीनं कुरकुर करू नये म्हणून केलेली ही बडदास्त. 'वॉटी तुमचाच आहे' एवढं म्हटलं असतं तर ती तासाभरात घरी असती. ती खुर्चीत बसली.

"सोडा की. पण सांगून ठेवते, माझ्याशिवाय आमचे हे दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. मी इथं, तर ते घरात."

हॉगचे डोळे चमकले. "मग राहाल का?"

"जुलूमच करताय म्हटल्यावर काय करणार!" म्हणत तिनं हंसाची तंगडी ओढली.

दोन दिवस ती ऊन चढेपर्यंत झोपली, लग्नानंतर पहिल्यांदाच. हॉगला तिनं पाव भाजायला लावला आणि कच्चा राहिलाय म्हणून तीनदा परत पाठवला.

इकडे वॉटीला वाटलं, ही रुसून बहिणीकडे गेली. त्यानं भट्टीत दोन खेपा पाव जाळले, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि जीव वाचवायला मतदानाला पळाला. मत कर्नलला दिलं. कर्नल निवडून आला.

बातमी घेऊन होडी बेटावर पोचली. कर्नल जिंकला, तोही वॉटीच्याच मतानं; सगळा खटाटोप फुकट गेलेला कळून हॉगचा चेहरा पडला. "बाई, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर पोतं घातलंत."

घरी वॉटीनं विचारलं, "कुठे होतीस?"

"पार्लमेंटच्या कामाला."

हॉग पुढे पिटलौरीतून कधी गेला नाही. टेकडीमागच्या लांबच्या रस्त्यानं जायचा.

काही वर्षांनी कायदा बदलला, स्वतःचं घर असलेल्या पुरुषांना थेट मत मिळालं. ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं असे. वॉटी टेबलाशी उभा राहिला आणि गडबडून उमेदवाराचं नावच विसरला. मागून ग्रिझेलनं ते खणखणीत सांगितलं.

"बाई, बायकांना मत नाही," कारकून खेकसला.

"मी कुठे देतेय? ह्यांचं ह्यांना आठवून देतेय."

कारकुनानं वॉटीकडे पाहिलं. वॉटीनं मान डोलावली.