अर्ध्या अक्षता

ग्रीक पुराणावरची एक कादंबरी मी चार रविवार आईला मोठ्यानं वाचून दाखवली. धान्याच्या देवीची लेक पाताळाचा राजा पळवून नेतो आणि देवी शेतात काही उगवूच देत नाही, अशी गोष्ट. मोबाइलवर वाचकांची मतं होती: देवी आई म्हणून फार रडकी, मधला भाग रटाळ. आमच्या घरातली पहिली बीए मी, त्यामुळे माझंही मत नावानिशी जायलाच हवं होतं. ‘आई जरा अतीच करते’ एवढं लिहूनही ठेवलं होतं.

शेवट वाचताना पाहिलं, आईच्या मुठीत तांदळाचे दाणे. देवाची कहाणी ती रिकाम्या हातानं ऐकत नाही.

“अगं, हे परक्यांचे देव.”

“लेक गेलीय ना तिची? वाच पुढं, बीए.”

लेक परत येते. पण तिनं पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, आणि तिथलं खाल्लं की माणूस तिथलाच होतो, म्हणून दरवर्षी काही महिने तिकडे जावंच लागतं.

“म्हणजे आली की नाही?” आईनं विचारलं.

“अर्धी आली म्हण.”

तिनं देवापुढं अर्ध्या अक्षता वाहिल्या. उरलेल्या पदराच्या टोकाला बांधल्या.

मी लिहिलेलं खोडलं. इतक्या वाचकांत गोष्ट संपल्यावर हातात काही राखून ठेवणारं आणखी कुणी असेल का, हेच आता शोधते आहे. आज आईनं साडी बदलली, तर ती गाठ नव्या पदराला आली होती.