अर्ध्या-अर्ध्या गोळ्या

माझा नवरा ट्रक चालवतो. घरी आला की जे आणलं असेल त्याचे तो दोन वाटे करतो, अगदी अच्छाडच्या ढाब्यावरच्या भज्यांचेसुद्धा. आशागडच्या आमच्या शेजारणींना याचं फार कौतुक. असू दे. या वाट्यांनीच आमचा घात केला.

त्याला लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा तो मला काही बोलला नाही. अच्छाडच्या चेकपोस्टजवळच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या, जळजळ थांबेपर्यंत खाल्ल्या आणि उरलेल्या माझ्यापुढे ठेवल्या.

"अर्ध्या मी घेतल्या, अर्ध्या तू घे. हे तुलापण लागलं असेल."

खाली मान घालून बोलला, त्यातच रस्त्यावर तो कुणाकडे तरी जाऊन आला, ते मला कळलं. संताप आला, रडू आलं. तरी गोळ्या घेतल्या. वाटा म्हणून आला की नाही म्हणायची सवयच नव्हती मला.

थोड्याच दिवसांत माझ्या ओटीपोटात कळा येऊ लागल्या आणि त्याची जळजळही परतली. डहाणूच्या दवाखान्यात सिस्टरने दोघांना समोर बसवून झापलं. "औषध म्हणजे प्रसाद आहे का, वाटून खायला? दोघांनीही आपापला पूर्ण डोस घ्यायचा. तो संपेपर्यंत जवळ यायचं नाही. आणि पुढे बाहेरचं काही असेल तर तिथेही आणि घरीही निरोध. हे पुन्हापुन्हा होत राहिलं तर मूल राहायला त्रास होईल."

मला मूल हवं होतं. सासू तर महालक्ष्मीला नवस बोलून बसली होती.

औषधं संपली, तो खेपेला गेला, आला. मी निरोधचं पाकीट पुढे केलं तर साहेब भडकले. "घरच्या बायकोबरोबर हे? लोक काय म्हणतील?"

"लोक बघायला येणार आहेत का?"

पडद्यापलीकडून सासू म्हणाली, "मूल नको, म्हणून ही नाटकं!"

"मूल हवं म्हणूनच!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा रेडिओ बंद झाला. लाज वाटली नाही. लाजायची पाळी माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तो अंगणात लोखंडी टॉमीने एकेक टायर ठोकून बघत होता. सगळे ड्रायव्हर बघतात. आवाज बदलला तर हवा कमी, हे त्याला कानाने कळतं. मी दारात उभी राहिले.

"टायर चांगले दिसतायत की. कशाला ठोकतोस?"

"दिसण्यावर जाऊन चालतं का? वाटेत फसवेल."

"मग स्वतःला तपासून घे. तोवर निरोध. नाहीतर तुझी खाट इथे अंगणात."

"माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

"टायरवर आहे तुझा?"

त्याने टॉमी केबिनमध्ये टाकली आणि गाडी सुरू केली. मला वाटलं, संपलं सगळं. तरी मी माघार घेणार नव्हते.

परत आला तेव्हा हातात भजी होती. वाटे करायच्या आधी त्याने खिशातून निरोधचं पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. "उद्या दोघं डहाणूला तपासून घ्यायला जाऊ. तोवर हे."

सासूने तोंड फिरवलं. मी माझ्या वाट्यातली भजी तिच्यापुढे केली.

"आई, नातवंड हवंय ना? मग माझं पोट आधी मला सांभाळू दे."

तिने तोंड फिरवलेलंच ठेवलं. भजी मात्र घेतली.