ईहिणीपुढं टाकलेली बादशहाची जोडी

माझ्यापुढं अकरा चिंचोके उरले होते आणि हातात बादशहाची जोडी होती. समोर माझ्या पोरीची सासू, म्हणजे माझी ईहीण. तिनं सोळा चिंचोके मध्ये लोटले आणि पदर सावरून माझ्याकडं पाहत बसली. मला दोनच गोष्टी करता येत होत्या. अकराच्या अकरा लोटून शो मागायचा, नाहीतर पत्ते पालथे टाकायचे.

मी पालथे टाकले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव आरमोरीकडचं, धानाचं. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की टोळीतल्या बाया शेवटच्या दिवसाची मजुरी घरी नेत नाहीत. त्यातून बकरी आणतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कापून सगळ्या मिळून जेवतात. त्या वर्षी आणलेली बकरी कोवळी होती, अंगानं चांगली होती. हिला कापू नका, असं तरण्या सुनांनी काढलं. पोळ्याला पुरुष चौकात पत्ते कुटत बसतात, मग आपणही तीन पत्ती खेळू. शेवटपर्यंत जी उरेल तिनं बकरी घरी न्यायची. जेवणाला अंड्याची भाजी केली.

मला ती बकरी पाहिजे होती. माझ्या दोन बकऱ्या हिवाळ्यात बिबट्यानं नेल्या होत्या. त्या रोवणीत माझी कंबर कामातून गेली. चिखलात वाकणं आता होणार नव्हतं, हे मला कळलं होतं, टोळीलाही कळलं होतं. बकरी मात्र म्हातारीला चारता येते.

आम्ही सहा जणी बसलो, ईहीणही आमच्याच टोळीतली. प्रत्येकीला चाळीस चिंचोके. डाव सुरू होताना प्रत्येकीनं मध्ये टाकायचा तो बूट. तो आधी एक चिंचोका, मग दोन, मग चार, असा काही डाव झाले की दुप्पट व्हायचा. ज्यांचे चिंचोके संपले त्या उठल्या.

मी हात राखून खेळले. बूट एकाचा होता तेव्हा दश्शीची जोडी आली, टाकून दिली. दोनाचा होता तेव्हा राणीची आली, तीही टाकली. मोठी पानं येतील तेव्हा पाहू म्हटलं. शेजारची सून म्हणाली, "बुढीमाय, चिंचोके उबवून राह्यली का?" सगळ्या हसल्या. मला वाटलं, हसू दे, मी टिकून आहे. टिकून कसली, बुटात जिरत होते. तीन जणी उठल्या, मी, ईहीण आणि ती शेजारची सून अशा तिघी उरलो आणि माझे चाळीसाचे पंधरा झाले. चार बुटात गेले, तेव्हा हाती बादशहाची जोडी आली.

आता तरी लोटायला पाहिजे होते. सुनेनं पत्ते टाकलेच होते. पण शो मागायचा म्हणजे ईहिणीला चारचौघींत पत्ते उघडायला लावायचं. मी मुलीकडची. पोरीच्या लग्नापासून मी तिच्यापुढं कधी चढा आवाज काढला नाही. तिच्या आधी पानावर बसले नाही. इतक्या वर्षांची सवय हातात बसली होती आणि हातानंच पत्ते ठेवले. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. लोटले असते तर बकरी मिळालीच असती असं मी म्हणत नाही. पण बुटाचे बारा, माझे अकरा आणि तिच्यातले तेवढेच, असे चौतीस चिंचोके हातात आले असते आणि अजून दोन-तीन डाव बसता आलं असतं.

पुढच्या डावाला बूट आठाचा झाला. उरले तीन. तेव्हा रागानं लोटले, तेही राणी, सत्ती, दुर्रीवर. सुनेकडं पंजाची जोडी होती. मी उठले. थोड्या वेळानं सूनही उठली.

मी भिंतीला टेकून कंबर चोळत होते. ईहीण पाणी घेऊन आली, शेजारी बसली.

"त्या डावाले माह्याजवळ काईच नवतं, बाई," ती म्हणाली. "नुसता एक्का होता."

"मंग सोळा काऊन लोटले?"

"तुमी टाकसान हे मले माईत होतं."

पाण्याचा गिलास माझ्या हातात होता. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नाई टाकणार."

"पुढच्या वर्षी रोवणीले येसान तं ना."

ती हसत नव्हती. टोळीत रोवणी केली नाही तर खेळायला बसता येत नाही, तेवढंच तिनं सांगितलं.

मला आजही तिच्यावर राग येत नाही, माझ्यावरच येतो. पानं बरी होती तेव्हा मी त्यांना बरं म्हटलं नाही. उत्तम आली तेव्हा मान राखत बसले. आणि काहीच नव्हतं तेव्हा सगळं लोटून मोकळी झाले. पुढच्या वर्षी मी रोवणीला गेले नाही.

बकरी कापली गेली नाही. ईहिणीच्या चार बकऱ्यांत ती पाचवी आहे, आणि तिला दोन पिलं झाली आहेत.