बाजेखालचा दगडी कोळसा

भुतंखेतं, बाहेरची बाधा – असलं काही मी कधी मानलं नाही. आमच्या बेटेगावात कुणाच्या अंगात आलं, तर मी मागच्या मागे घरी निघून यायची. चौथीपर्यंत शिकले आहे. चारचौघींत बोलायला मला जमत नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहिते.

गेल्या पौषातली गोष्ट. मुलगी नुकतीच झाली होती, बारसंही व्हायचं होतं. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून दोघींना शेक देतात. त्याला लाकडी कोळसा लागतो. तो डोंगरातून पाटी भरून आणणारी सोनी या वर्षी घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेलेली. कोळसा संपला, आणि थंडी तर वाढतच होती.

धाकटे दीर नारायणभावोजी रेल्वेत खलाशी आहेत, पडेल ते अंगमेहनतीचं काम करतात. त्यांनी रुळांच्या कडेला पडलेला दगडी कोळसा गोणीत भरून आणला.

सासूबाई म्हणाल्या, "दगड कसला जाळतोस रे?"

"दगड नाय आई, हे पन लाकूडच हाय. लई जुनं रान चिखलात गाडलं गेलं, वर माती चढत गेली, दाबून दाबून असं झालं. कमी दाबला तो तपकिरी, भुसभुशीत. हा काळा चकाकतो तो इंजिनाचा. आनि धूर काढून भाजलेला तो कोक, लोकंड वितळवायला."

"म्हंजे रानाचं मढंच की. आनि ते माज्या नातीच्या खाली ठेवू?"

भावोजी हसले. "वहिनींना इचार. इंजिन पळतंय त्याच्यावर, नात काय थंडीनं गारठेल?"

मी होकाराची मान हलवली.

सासूबाईंनी कोळसा अंगणात पेटवला. काळा धूर सगळा जाऊ दिला. लाकडी कोळशाचा धूर गेला की शेगडी आत न्यायची, ही आमची रीत. तीच त्यांनी इथे लावली. निखारे लाल झाल्यावर शेगडी बाजेखाली सरकवली. वारा लागू नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबलेलं होतंच. दार ओढून त्या परसातल्या विहिरीवर गेल्या. दुपार होती. हे तारापूरला बिजलीघराच्या बांधकामावर गेले होते.

थोड्या वेळाने माझं डोकं ठणकू लागलं. वाटलं, झोप नाही म्हणून. मग उठायला गेले, तर पाय हलेनात. बाळ मघापासून कुरकुरत होतं, ते गप्प झालं. त्याच्याकडे हात न्यायचा होता... हात माझा नव्हताच जणू. ओरडले, पण ओठांबाहेर काही आलं नाही. माझ्या कुशीत मुलीचा जीव जात होता आणि मला तिला हलवताही येत नव्हतं.

तेव्हा बाजेखालून आवाज आला. पानांवर पाऊस पडावा तसा. पौषात – बाहेर कोरडं ऊन! कुजलेल्या पानांचा, चिखलाचा वास खोलीभर झाला. पाठीला लागणारी धग गेली आणि गार ओल वर चढू लागली. त्या गारव्याने बाळ दचकलं, रडलं.

ते रडणं ऐकून सासूबाई धावत आल्या. दार उघडून बाळाला उचललं, मला खांद्याला धरून ओढत पडवीत आणलं. वाऱ्यावर मला भडाभडा उलटी झाली. बाळ रडतच होतं. ते थांबू नये असं मला वाटत होतं.

मग त्या शेगडी काढायला आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या हात पुढे धरून. कोपरापर्यंत काळं पाणी निथळत होतं.

"शेगडीत पानी कुनी ओतलं?"

मी दारातून पाहिलं, तर शेगडी पाण्याने काठोकाठ भरलेली. खालची सारवलेली जमीन कोरडी, राखेचा एक शिंतोडा नाही. उशाशी पाण्याचा तांब्या तसाच भरलेला, झाकलेला.

दुसऱ्या दिवशी पालघरला डॉक्टरांकडे गेलो. ते सासूबाईंवर खूप रागावले. म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा गॅस होतो, त्याला ना रंग ना वास. धूर गेला म्हणजे तो गेला असं नाही. लाकडी कोळशाचाही होतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या. पावसाचं मी कसंबसं सांगितलं. "त्या गॅसने भास होतात," म्हणाले.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी बाळाला पदराखाली घेतलं. मग हळूच म्हणाल्या,

"भास तुला झाला, पोरी. मग माजा हात कशानं भिजला?"

मुलगी आता रांगते. ती झोपली की मी दाराला कडी लावत नाही, आणि तिचा श्वास ऐकत बसते.