डोनलच्या बंदुकीचा दस्ता

मोरेश्वर सुतार, घरच्यांचे अप्पा, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले पॅटर्नमेकर. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा जो हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो करणारे. एकेचाळीस वर्षं त्यांनी पंपाचे, इंजिनाचे, उसाच्या चरकाचे नमुने केले. "एक नग परत आला न्हाई," हे ते न विचारताच सांगत. बायको सुमित्राबाई होत्या तोवर त्या आतून "पुरे आता" म्हणत. त्या गेल्या आणि अप्पांना अडवणारं कुणी उरलं नाही. मग मुलगा नितेश आणि सून पूर्वा यांनी त्यांना आयर्लंडला, लेटरकेनीला आणलं.

येताना त्यांनी बॅगेतले पापड-सांडगे काढून ठेवले आणि अकरा किलोंची हत्यारं भरली. पूर्वा हॉस्पिटलात डॉक्टर, नितेश दिवसभर कानाला हेडफोन लावून घरूनच कामाला जुंपलेला. अप्पांनी पहिल्या दोन महिन्यांत घरातली कुरकुरणारी दारं, स्वयंपाकघरातली कपाटं, जिन्याचा कठडा, सगळं ताळ्यावर आणलं. मग काम संपलं. एकदा ते चांगल्या बिजागऱ्या सैल करून पुन्हा आवळताना पूर्वाला सापडले.

अशातच डोनल भेटला. दोन शेतं पलीकडे राहायचा, वय त्र्याहत्तर, बंदुका बनवायचा रीतसर परवाना असलेला जुना कारागीर. अप्पा फाटकापाशी पटाशीला धार लावत बसले होते. डोनलनं गाडी थांबवली, उतरला, पटाशी हातात घेऊन अंगठ्यावर फिरवली आणि अप्पांना हात धरून आपल्या शेडमध्ये घेऊन गेला. अप्पांचं इंग्रजी कारखान्यातलं: टाइट, लूज, ओके, रिजेक्ट. डोनलचं तिथल्या डोनेगल परगण्याच्या बोलीतलं, जे पूर्वालासुद्धा निम्मं कळायचं. पण लाकडाच्या बाबतीत दोघांचं भाषेवाचून कधी अडलं नाही.

डोनलचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. तरी त्याला एक शेवटची बंदूक करायची होती, मुलीसाठी. मेव्ह पेनसिल्व्हेनियात राहायची आणि तिथे हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जायची, तीही ठासणीची बंदूक घेऊन. म्हणजे जुन्या पद्धतीची: तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, मग गजानं ठासायचं. मेव्ह बुटकी, त्यात खांद्याचं ऑपरेशन झालेलं. जवळची लांबलचक बंदूक घेऊन टेकडी चढताना तिचा जीव मेटाकुटीला येई. तिच्यासाठी आखूड नळीची, पावणेतीन किलोंच्या आतली बंदूक हवी होती. नळी डोनलकडे तयार होती. ती ज्यात बसते तो लाकडी दस्ता अप्पांनी करायचा.

लाकूड अक्रोडाचं, आणि फळी एकच. मेव्ह जन्मली त्या आठवड्यात तिच्या आईनं अंगणात लावलेलं झाड वादळात पडलं होतं, त्याची. आई आता नव्हती. हे पूर्वानं समजावून सांगितल्यावर अप्पांनी फळीला नमस्कार केला. डोनलला ते आवडलं.

नळी कायद्याप्रमाणे चाचणीसाठी इंग्लंडला पाठवायची होती. पाठवण्याआधी डोनलनं थरथरत्या हातानं तिची मापं घेतली आणि एका कागदावर सतरा आकडे लिहून अप्पांना दिले. ती परत येईपर्यंत तीन आठवडे अप्पा त्या कागदावरून दस्ता कोरत राहिले. इतका पातळ, इतका हलका, की हातात घेतल्यावर डोनल नुसती मान डोलवायचा आणि "ग्रँड, ग्रँड" म्हणायचा. अप्पा घरी येऊन भरपूर जेवायचे. आपले सासरे आपल्याला आत्ता कुठे भेटताहेत असं पूर्वाला वाटे.

नळी मंगळवारी आली. बुधवारी अप्पा शेडमध्ये गेले तेव्हा डोनल नव्हता. दार नुसतं लोटलेलं, नळी टेबलावर. अप्पांनी ती उचलून दस्त्यात ठेवली. नळीच्या पोटाला एक छोटा लोखंडी कान असतो. तो दस्त्यातल्या खाचेत उतरतो, आडवी पाचर मारली की नळी आणि लाकूड एकजीव होतात. कान खाचेत उतरला नाही. अप्पांनी नळी सरकवून पाहिली, मग मोजलं. खाच मागच्या टोकापासून चारशे मिलिमीटरवर हवी होती. ती चार मिलिमीटर पुढे गेली होती.

चारशेला चार म्हणजे शंभराला एक. त्यांनी खिशातली पट्टी काढली, एकेचाळीस वर्षं वापरून कडा गुळगुळीत झालेली. ती कॉन्ट्रॅक्शन पट्टी होती. ओतलेलं लोखंड थंड होताना शंभराला एक एवढं आकसतं, म्हणून नमुना तेवढाच मोठा करावा लागतो, आणि म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर थोडा मोठा असतो. साधी पट्टी पेटीत होती. पण हाताला सवय हिचीच. लाकूड कुठे वितळून आकसणार होतं?

दुरुस्ती अवघड नव्हती. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्याची पट्टी चिकटवायची, नवी खाच पाडायची, सांध्यात मेण आणि भुसा भरायचा. नमुन्यांवर असली थिगळं लावून वर रंग मारण्यात अप्पांची हयात गेली होती. दोन तासांचं काम, आणि डोनलची नजर काही आता पूर्वीची नव्हती. त्यांनी डिंकाची बाटली उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग सगळं तसंच टाकून ते घरी आले.

दोन दिवस ते गेले नाहीत. डोनलनंही बोलावलं नाही. अप्पांना वाटलं, त्याला कळलं. शुक्रवारी त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली तेव्हा पूर्वा समोर येऊन बसली.

"अप्पा, काय झालंय?"

"काय न्हाई ग. पोट जड हाय."

"मी डॉक्टर आहे, अप्पा. दोन दिवस बघतेय."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना पट्टी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं नाही. "आता मी काय म्हणू त्याला? त्याच्या बायकोचं झाड हाय ते. ह्या गावात त्यो एकटाच मला कारागीर म्हणतोय. बाकी सगळ्यांना मी तुझा सासरा."

"चला. मी येते बरोबर, ड्यूटीवर जायच्या आधी."

शेडमध्ये डोनल स्टुलावर बसलेला होता. शेजारचा चहा गार झालेला. पूर्वानं तोंड उघडायच्या आतच तो बोलायला लागला आणि थांबलाच नाही. ती ऐकत गेली, तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. मग तिनं हळूच मराठीत सांगितलं.

"अप्पा, तो तुमची माफी मागतोय. मंगळवारी त्यानं स्वतःच नळी बसवून पाहिली. म्हणतो, हाताच्या थरथरीत मी मापं चुकीची घेतली. पुन्हा मोजायचा धीर झाला नाही म्हणे. तुमचे तीन आठवडे आणि मेव्हच्या आईचं झाड, दोन्ही मी वाया घालवलं म्हणतो. परवाना परत करणार आहे. शेड बंद करायचं ठरवलंय."

तिनं सासऱ्यांना काहीही सुचवलं नाही. आता त्यांनी नुसती मान डोलवली असती, खांद्यावर हात ठेवला असता, तरी त्यांचं नाव राहिलं असतं. हे तिला कळत होतं आणि अप्पांनाही.

अप्पांनी खिशातून आपली पट्टी काढली. डोनलची स्टीलची पट्टी टेबलावर होती, तिच्या शेजारी शून्याला शून्य जुळवून ठेवली. शंभरवर रेघा थोड्या चुकल्या. चारशेवर त्यांच्यात चार मिलिमीटरचं अंतर पडलं होतं. अप्पांनी तिथे नख ठेवलं.

"माय मिस्टेक," ते म्हणाले. "यू ओके. मी रिजेक्ट."

डोनल स्टुलावरून उठला आणि त्या दोन पट्ट्यांवर वाकला. पूर्वानं ओतकामाचं सगळं सांगितलं, ते त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्यानं नळी पुढे ओढली. स्टीलची पट्टी तिच्यावर टेकवली, ती घसरली. अप्पांनी दुसरं टोक दाबून धरलं. डोनलनं वाकून पाहिलं. चारशे. त्यानं पट्टी उचलून पुन्हा लावली. चारशेच. तो मटकन स्टुलावर बसला, आणि लहान मुलासारखा रडला. अप्पा त्याची पाठ चोळत राहिले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

थिगळ लावायचं ठरलं, मेण-भुसा न भरता, उघडं दिसेल असं. ते डोनलनंच सांगितलं. मग त्यानं टेबलावरचा मापांचा तो कागद पुढे ओढला आणि पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. पूर्वानं हॉस्पिटलात फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. डोनल मोजायचा, आकडा मोठ्यानं म्हणायचा, अप्पा टोक धरून कागदाशी ताडून पाहायचे आणि "करेक्ट" म्हणायचे. सतरा आकडे होते. सतराही बरोबर निघाले.