बाबांची तिथी आणि टीव्हीची तारीख

मुंबईवर हल्ला झाला तेव्हा तुम्ही कुठे होता, असं दर नोव्हेंबरात मला कुणीतरी विचारतंच. शाळेच्या स्टाफरूममध्ये, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. विचारणाऱ्याला माझं उत्तर नको असतं, त्याला स्वतःचं सांगायचं असतं. मी ऐकून घेतो. माझं उत्तर तसं एका ओळीचं आहे: मुलचेऱ्याजवळच्या आमच्या गावात, बाबांच्या प्रेताशेजारी.

ते पहाटे गेले होते. धानाची कापणी सुरू होती, तरी सकाळी गाव जमलं. बाया अंगणात बसल्या, पुरुष तिरडीचे बांबू बांधायला लागले. तेवढ्यात शेजारच्या घरी कुणीतरी टीव्ही लावला. मुंबईत आदल्या रात्री सुरू झालेला गोळीबार अजून चालूच होता, आणि एकेक जण तिकडे सरकला. बांबू अर्धवट बांधलेले तसेच पडले. मी दोनदा बोलवायला गेलो. दोन्ही वेळा पडद्यावरची नजर न काढता हात वर करून त्यांनी मला गप्प बसवलं. माझा मोठा भाऊ सगळ्यात पुढे बसला होता. शेवटी भारनियमनाची वेळ झाली, वीज गेली आणि आम्हाला खांदेकरी मिळाले.

मुंबईत मेलेल्यांसाठी मीही हळहळलो, पण नंतर. त्या सकाळी माझं एकच माणूस मेलेलं होतं.

पुढे गावानं बाबांना त्या हल्ल्यालाच बांधून टाकलं. 'टीव्हीच्या दिवशी गेले ते.' पाण्यावरचे बुडबुडे बघून खाली कोणता मासा आहे ते बाबा सांगायचे, हे आता कुणी काढत नाही.

माझी सुटका एवढीच की आमच्याकडे वर्षश्राद्ध तिथीनं होतं. कार्तिकातली अमावस्या दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. आई तलावाची मासळी रांधते, पान वाढून परसात ठेवते, कावळ्याची वाट बघते. त्या दिवशी कुणी मला काही विचारत नाही.

यंदा भावाचा बल्लारपूरहून फोन आला. तिथी दरवर्षी शोधावी लागते, कारखान्यात सुट्टी आधी सांगावी लागते, तेव्हा यापुढे तारखेनंच करू, असं त्याचं म्हणणं. तारखेची आठवण टीव्हीवालेच करून देतात, विसरायची भीती नाही. मी बराच वेळ समजावलं. तू पुस्तकातला माणूस, तुले व्यवहार समजत नाई, असं त्यानं ऐकवलं. भांडण मला कधी जमलं नाही. मी फोन स्पीकरवर टाकून आईपुढे ठेवला. ती तांदूळ निवडत होती. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं.

"त्या दिवशी तू बापाजवळून उठून गेला, मी काही बोलली नाई," आई म्हणाली. "आता त्याईले जेवाले बी टीव्हीच्याच दिवशी बसवतं का?"

तिनं फोन जवळ ओढला.

"अमावस्येले ये," ती म्हणाली, आणि पुन्हा सुपाकडे वळली.

तो आला. सकाळीच आला, मासळीही त्यानंच साफ केली. पान ठेवून आम्ही तिघं परसात बसलो. कावळ्याला उशीर होत होता. थोड्या वेळानं भावाला राहवेना.

"तुले आठवते का, त्या दिवशी टीव्हीवर..."

मी त्याच्याकडे न बघता हात वर केला. कावळा कौलावरून खाली उतरत होता.