पांढऱ्यात उतरलेली हळद

तैलरंगात सगळ्यांत अवघड रंग कोणता, असं कुणी विचारलं की मी ‘पांढरा’ म्हणते आणि समोरच्याला वाटतं मी थट्टा करतेय. ज्यांनी रंग हाताने घोटलाय त्यांना विचारा. गेरूत चार खडे राहिले तरी खपून जातात, पांढऱ्यात बोटाचा मळसुद्धा दिसतो. त्याला तेलही वेगळं लागतं. बाकीच्या रंगांना जवसाचं तेल चालतं, पण ते मुळातच पिवळं, आणि वर्षं जातात तसं आणखी पिवळं पडतं. म्हणून पांढऱ्यासाठी करडईचं घ्यायचं. ते फिकं असतं, वाळायला फार वेळ लावतं, पण रंगाला दगा देत नाही. हे मी शहरात चित्रकला शिकताना ऐकलं होतं. करून पाहिलं ते शिरूर कासारच्या पलीकडच्या एका गावात, तेलबियांच्या महिला सहकारी संस्थेच्या पत्र्याच्या गोदामात.

संस्थेकडे लाकडी घाणा होता. पावसाने सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली आणि घाण्यात टाकायला बी जेमतेम उरलं. मी तेव्हा जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संस्थेची सभासद होते. एका बैठकीत मी सुचवलं की जे थोडं तेल निघतंय ते खायला विकून आठवड्यात संपवण्यापेक्षा त्यात रंग घोटू. चांगल्या चित्रकारांना हाताने घोटलेला रंग हवा असतो आणि तो सहजी मिळत नाही. बायका हसल्या. एक जण म्हणाली, फोडणीला तेल न्हाई अन् बाई निघाल्या चितराला तेल पाजायला. माझा राग नाकावरच असतो. त्या रागातच मी काम सुरू केलं.

काम सांगायला सोपं आहे. रंगाची भुकटी संगमरवरी फरशीवर घ्यायची, तेल थेंबाथेंबाने घालायचं आणि सपाट बुडाच्या दगडी बत्त्याने घोटत राहायचं. तासन् तास. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग तो बारीक होतो, मग थांबतो. आवाज थांबला की नवखा माणूस बत्ता ठेवतो. आमच्याकडे एकच बाई होती जी आवाज थांबल्यावर खरं काम सुरू करायची. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, धनगराच्या घरची, लग्न झाल्यापासून दर साली नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणारी. तिने घोटलेला रंग सुरीवर घेतला की लोण्यासारखा उभा राहायचा. मी पाच वर्षं कलाशाळेत घालवली होती, पण मला तसा कधीच जमला नाही. याचा मला थोडा मत्सरही वाटायचा, तो आता कबूल करायला हरकत नाही.

घाण्यातलं तेल तसंच वापरता येत नाही. त्यात चिकट गाळ असतो, तो काढायला तेल मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावं लागतं आणि मग काचेच्या बरण्यांत उन्हात ठेवावं लागतं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा तेव्हा. पाण्यासाठी बायका एकमेकींच्या घागरी ढकलत असताना मी तेल धुवायला पाणी मागत होते, म्हणजे शिव्या खायचीच लक्षणं. कुणी दिलं नाही. अक्काने तिच्या वाट्याच्या दोन घागरी आणून गोदामात ठेवल्या.

तिला कारण होतं. मागच्या हंगामात फळीवरून ट्रकमध्ये उसाची मोळी चढवताना तिचा पाय घसरला होता आणि कंबर धरली होती. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलं होतं. पण मुकादमाला कोयता, म्हणजे तोडणाऱ्या दोघांची जोडीच लागते, आणि ती बहुधा नवरा-बायकोचीच. तिच्या नवऱ्याने एवढंच मान्य केलं होतं की दसऱ्याच्या आत रंगाचं काम पक्कं झालं तर तो भावाला जोडीला घेईल आणि ती गावात राहील. नाहीतर दसऱ्यानंतर दोन दिवसांनी टोळीची गाडी येणार होती आणि तिला बसावंच लागणार होतं. मी तिला सांगून बसले होते, अक्का, या साली तुम्हाला जावं लागणार नाही. कुणी विचारलं नसताना सांगितलं होतं.

भरवसा एका माणसावर होता. पुण्याचे एक वयस्कर चित्रकार, मोठं नाव असलेले. त्यांना आमचा गेरू आणि काजळी काळा आवडला होता. त्यांनी फोनवर सांगितलं, तुमचा पांढरा पाहू द्या, तो जमला तर मी आणि माझे चार मित्र वर्षभर तुमचेच रंग घेऊ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते याच रस्त्याने जाणार होते, तेव्हा स्वतः थांबून बघणार होते. म्हणजे गाडी सुटायच्या आदल्या दिवशी. मुदत एका दिवसाने चुकत होती, पण अक्काचा नवरा तेवढं थांबायला तयार झाला.

करडईच्या तेलाचा एकच लहान डबा उरला होता. सगळं तेल आम्ही पांढऱ्याला लावलं. अक्काने सहा दिवस घोटलं. कंबरेला फडकं आवळून, दर अर्ध्या तासाने भिंतीला टेकत. शेवटचा हात दसऱ्याच्या सकाळी द्यायचा आणि ट्यूबा भरायच्या असं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी अवजारं पुजतात आणि त्यांना हात लावत नाहीत, मग तो नांगर असो की शिलाई मशीन. बायकांनी घाणा पुजला, तराजू पुजला, आणि अक्काने आमची फरशी आणि बत्ता पुजला. हळद तेलात कालवून तिने फरशीवर पाच बोटं ओढली, बत्त्याच्या बुडाला टिळा लावला, झेंडूची फुलं वाहिली. मी तिथेच उभी होते. मी हात जोडले, गूळ-खोबरं खाल्लं आणि शाळेत गेले. मला काहीही खटकलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी अक्काने फरशी कोरड्या फडक्याने लख्ख पुसली आणि पांढरा घोटायला घेतला. तास-दीड तासाने मी वाकून पाहिलं तर रंग जरा उबदार दिसला. वाटलं, दारावरच्या झेंडूच्या तोरणाची झाक पडली असेल. मी तोरण काढायला लावलं. तरी तसाच. मग कोरा कागद आणून शेजारी धरला. पांढरा राहिला नव्हता, सायीचा रंग झाला होता. संगमरवराने रात्रभर हळद पिऊन घेतली होती आणि सकाळी ती आमच्या तेलात सोडली होती. हळद पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र झटदिशी उतरते, हे फोडणी करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मला तर पुस्तकातूनही ठाऊक होतं.

मी फोनवर फोन लावले. तलवाड्याच्या ओळखीच्या घाण्यावर करडईच नव्हती. दिंद्रुडच्या व्यापाऱ्याकडे तेल होतं, पण ते जुनं, वास मारणारं. दुपारपर्यंत कळलं की आता दुसरा पांढरा होणार नाही.

तेव्हा मी अक्काला बोलले. सगळ्या बायकांसमोर बोलले. दगडाला तेलाशिवाय काही लागता कामा नये, हे किती वेळा सांगितलं होतं, तुमच्या देवभोळेपणात माझं सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं, असं आणि बरंच काही. माझं काम म्हणाले मी. ती खाली मान घालून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “बाई, हळद उन्हात उडती. काचंवर पातळ पसरून ठिवा. लगनातली लुगडी न्हाई का पांढरी व्हत, दोन उन्हं खाल्ली की?”

“हा रंग आहे, अक्का,” मी म्हणाले. “लुगडं नाही.”

बाकीच्या बायका आपट्याची पानं द्यायला घ्यायला निघून गेल्या. मला कुणी पान दिलं नाही, आणि मीही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्रकार आले. गोदामात खुर्ची ठेवली, चहा झाला. त्यांनी रंग सुरीवर घेतला, कागदावर ओढला, चिमटीत चोळून पाहिला. म्हणाले, घोटाई उत्तम आहे, इतकं मऊ मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही. मग कागद उजेडात नेला. अक्का दारात उभी होती, पदर तोंडाला लावून, आणि तिची नजर त्यांच्या कागदावर नव्हती, माझ्यावर होती.

“हा पांढरा नाही,” ते म्हणाले. “काय झालं?”

या ठिकाणी मी खरं बोलायला हवं होतं, की पूजा झाली तेव्हा मी समोर हात जोडून उभी होते. मी म्हणाले, बायकांनी दगडाला हळद लावली, त्यांना कळत नाही. ते मान हलवून उठले. पुढच्या वेळी जमेल तेव्हा कळवा, म्हणाले. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत मी दारात उभी राहिले. मागे वळले तर अक्का नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीची गाडी आली आणि अक्का भांडी, सरपण, शेळी आणि नवऱ्यासह गेली. मी निरोप द्यायला गेले नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला रागच येतो.

दोन दिवसांनी जवसाच्या तेलाच्या बरण्या हलवायला मी शिडी लावून गोदामाच्या पत्र्यावर चढले. बरण्यांच्या ओळीत, दोन विटांवर, फुटक्या खिडकीच्या काचेचा तुकडा ठेवला होता. त्यावर बोटभर रंग पातळ पसरला होता, आणि वरून माश्या बसू नयेत म्हणून चाळणी पालथी घातली होती. मी चाळणी उचलली. तो पांढरा होता. खिशातल्या वहीचा कागद फाडून शेजारी धरला तर कागद पिवळा दिसला. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे सोनं लुटायला गेले असताना तिने तो ठेवला असणार. मला सांगायला ती कशाला येईल? तापलेल्या पत्र्यावर बसून मी रडले, आणि ते रडणं रंगासाठी नव्हतं.

मग मी शाळेतून रजा काढली. गावातून मिळतील तेवढ्या काचा गोळा केल्या, सगळा रंग पातळ पसरला, दोन दिवस उन्हात ठेवला, खरवडून पुन्हा घोटला. माझ्या तळहातांना फोड आले, तरी अक्काच्या घोटाईसारखी जमली नाही. नमुन्यासोबत चित्रकारांना पत्र लिहिलं, हळदीसकट सगळं, आणि या वेळी मी कुठे उभी होते तेही. त्यांनी तो रंग कागदावर लावून महिनाभर उन्हात टांगून पाहिला आणि मग फोन केला, वर्षभराचं काम पक्कं समजा.

तो निरोप घेऊन मी अक्काकडे गेले. दोन एसट्या बदलून, एका कारखान्याच्या हद्दीतल्या फडावर. वाटेत मी माफी पाठ करत होते. ती पाचटात बसून मोळी बांधत होती. मला पाहून उठली नाही, पण बसायला जागा केली. मी सांगितलं, काम आलं, तुमच्या उन्हानं आलं. ती म्हणाली, बरं झालं. मी म्हणाले, अक्का, चुकी माझी होती.

तिने मोळीची गाठ ओढली. “हळद लावली ती चुकी माझी,” ती म्हणाली. “ऐकलं न्हाई, ती तुमची.”

मी विचारलं, आता येता येईल का परत. तिने नवऱ्याकडे बघितलं, तो चार सऱ्या पुढे तोडत होता. जोडी मधूनच मोडता येत नाही, गुढीपाडव्यापर्यंत तरी नाही, हे मलाही ठाऊक होतं. तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला आणि मुकादम ओरडला. अक्का उठली, कंबरेचं फडकं आवळलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला म्हणाली, “बाई, जरा हात लावा.”

मी दोन्ही हातांनी मोळी धरली. ती किती जड असते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ती उचलून तिच्या डोक्यावर ठेवली, आणि ती फळीवर चढू लागली.